मंडळी कोणाची, किल्ली कोणाच्या हाती? : सीमेपार गेलेल्या अँग्लिकन चर्चचा इतिहास आणि आपण

मिशनरी हा शब्द निघाला की आपल्याकडे दोन ठरलेली भाषणे ऐकायला मिळतात. पहिले भाषण हिंदुत्ववाद्यांचे. त्यात मिशनरी म्हणजे परकीय कट, तांदळाच्या पिशवीवर धर्म विकत घेणारे लोक. दुसरे भाषण आपल्यातलेच काही जण करतात. त्यात मिशनरी म्हणजे शाळा देणारे, दवाखाने देणारे, ब्राह्मणांनी नाकारलेले सगळे देणारे उपकारकर्ते. जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, सावित्रीबाईंच्या प्रशिक्षणात अमेरिकन मिशनच्या बाईंचा वाटा होता, हे खरेच आहे. ते आपण विसरलेलो नाही.

पण या दोन्ही भाषणांत काही प्रश्न कधीच विचारले जात नाहीत. ज्यांच्यासाठी चर्च उभे राहिले, त्यांच्या हातात त्या चर्चची सत्ता कधी आली? बिशप कोण नेमत होते? इमारत कोणाच्या नावावर होती? हिशोब कोण कोणाला देत होते? आणि एकाच बाकावर बसून प्रार्थना करणाऱ्यांमध्ये समता आली का?

हे प्रश्न घेऊन आम्ही अँग्लिकन चर्चचा इतिहास तपासला. हेच चर्च निवडण्याचे कारण सरळ आहे. ते इंग्रजांच्या राज्याबरोबर जगभर गेले आणि आज त्याचे चित्र पूर्ण पालटले आहे. रविवारी प्रार्थनेला बसणारे अँग्लिकन आज इंग्लंडपेक्षा नायजेरिया आणि युगांडात कितीतरी अधिक आहेत. मालकाचे चर्च गुलामांच्या वारसांचे झाले. पण ते कसे झाले आणि किती झाले, हे समजून घेतले पाहिजे.

राजाचे चर्च समुद्रापार जाते

१५३४ मध्ये इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याने रोमच्या पोपची सत्ता झुगारून स्वतःला आपल्या देशातील चर्चचा प्रमुख घोषित केले. पुढे या चर्चची ओळख तीन गोष्टींनी ठरली : बिशपांची परंपरा, इंग्रजी भाषेतील सामाईक प्रार्थनापुस्तक आणि राजाशी निष्ठा. म्हणजे धर्म आणि राष्ट्र एकाच खुंटीला बांधलेले होते.

अशा चर्चने समुद्र ओलांडला की अडचण होणारच. अमेरिकेतील वसाहतींत दीडशेहून अधिक वर्षे अँग्लिकन मंडळ्या होत्या, पण तिथे एकही बिशप नव्हता. पाळक व्हायचे तर माणसाला जहाजाने लंडनला जावे लागे. अमेरिका स्वतंत्र झाल्यावर पेच आणखी वाढला. इंग्लंडमध्ये बिशपपद घेताना राजाशी निष्ठेची शपथ घ्यावी लागे. स्वतंत्र देशाचा नागरिक ती कशी घेणार? शेवटी सॅम्युअल सीबरी हा अमेरिकन पाळक स्कॉटलंडला गेला. तिथल्या बिशपांवर ही अट नव्हती. १७८४ मध्ये ॲबरडीन येथे त्याचा अभिषेक झाला. पुढे इंग्लंडच्या संसदेला कायदा करून परदेशी माणसाला बिशप करण्याची वाट मोकळी करावी लागली.

इथे एक गोष्ट सिद्ध झाली. राजा नसतानाही हे चर्च राहू शकते. पण गोऱ्या अमेरिकनांना हे स्वातंत्र्य काही वर्षांत मिळाले. काळ्या आणि सावळ्या लोकांना त्यासाठी किती थांबावे लागले, तो पुढचा इतिहास आहे.

अजयीचा बिशप क्राउदर होतो, पुढे त्याचे काय होते?

आजच्या नायजेरियातील योरुबा मुलखात अजयी नावाचा मुलगा होता. १८२१ मध्ये त्याच्या गावावर हल्ला झाला आणि त्याला गुलाम म्हणून पकडले. हातोहात विकला जात तो पोर्तुगीज गुलामांच्या जहाजात पोहोचला. १८२२ मध्ये ब्रिटिश आरमाराने ते जहाज अडवले आणि सुटलेल्या गुलामांना सिएरा लिओनमध्ये उतरवले. तिथे तो शिकला, बाप्तिस्मा घेतला आणि सॅम्युअल क्राउदर झाला.

१८४१ मध्ये नायजर नदीच्या मोहिमेवर गेलेले अनेक गोरे तापाने मेले. आफ्रिकेत चर्च वाढवायचे तर आफ्रिकन माणसेच लागतील, हे लंडनला तेव्हा कळले. आफ्रिकन माणसाला पुढे आणण्यात तत्त्व होते, तशी ही गरजही होती. आपल्या समाजाला सैन्यात घेताना आणि नंतर भरती बंद करताना इंग्रजांनी काय केले, ते आठवा. सत्ता आपल्याला दार उघडते तेव्हा तिची गरज काय आहे, हे विचारायची सवय आपण लावून घेतली पाहिजे.

चर्च मिशनरी सोसायटीचे सचिव हेन्री व्हेन यांचे तत्त्व मात्र त्या काळाच्या पुढचे होते. मिशनरीने उभी केलेली मंडळी स्वतःच्या पैशावर चालावी, स्वतःचा कारभार स्वतः करावा आणि स्वतः पुढे पसरावी. स्वावलंबन, स्वशासन, स्वप्रसार. मिशनचे काम एक दिवस संपले पाहिजे, असे ते मानत. त्यांच्याच आग्रहाने २९ जून १८६४ रोजी कँटरबरीच्या कॅथेड्रलमध्ये क्राउदर यांचा बिशप म्हणून अभिषेक झाला. गुलामांच्या जहाजातून आलेला माणूस इंग्लंडच्या सर्वोच्च वेदीवर!

आता बारीक अक्षरे वाचा. त्यांना दिलेला मुलूख होता ब्रिटिश राज्याच्या हद्दीबाहेरचा पश्चिम आफ्रिका. जिथे गोरे मिशनरी होते, ती योरुबा भागातील प्रमुख ठाणी त्यांच्याखाली नव्हती. कारण काळ्या बिशपाच्या हाताखाली काम करायला गोरे मिशनरी तयार नव्हते. म्हणजे पद दिले, पण आपल्यावर अधिकार चालणार नाही एवढी काळजी घेऊन दिले.

व्हेन गेले. इंग्लंडमधून तरुण, कट्टर मिशनऱ्यांची नवी पिढी आली. १८९० मध्ये त्यांनी नायजर मिशनची ‘सफाई’ काढली. क्राउदर यांच्या आफ्रिकन सहकाऱ्यांवर आरोप ठेवून त्यांना निलंबित केले. ऐंशी वर्षांच्या बिशपाला त्याच्याच मिशनच्या समितीत अपमान सहन करावा लागला आणि त्यांनी समितीचा राजीनामा दिला. ३१ डिसेंबर १८९१ रोजी ते वारले. त्यांच्या जागी गोरा बिशप आला. आफ्रिकनांना मिळाली ती सहायक बिशपाची पदे. नायजर खोऱ्याच्या मुखाशी असलेल्या मंडळ्यांनी मात्र मान तुकवली नाही. क्राउदर यांचे पुत्र डँडसन यांच्या नेतृत्वाखाली १८९२ मध्ये त्यांनी आपला स्वतंत्र कारभार जाहीर केला.

२०१४ मध्ये कँटरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांनी या वागणुकीबद्दल चर्चच्या वतीने माफी मागितली. सव्वाशे वर्षांनी.

आरक्षित जागेवर बसलेल्या आपल्या अधिकाऱ्याला महत्त्वाच्या खात्यापासून दूर ठेवायचे, मग त्याच्या ‘कार्यक्षमते’ची चौकशी लावायची आणि शेवटी ‘बघा, यांना जमत नाही’ म्हणायचे, हा खेळ आपल्या ओळखीचा आहे. तो एकोणिसाव्या शतकात नायजरच्या काठावर असाच खेळला गेला.

नाशिकमधून आफ्रिकेत

या इतिहासाचा एक धागा थेट आपल्या नाशिकला येतो. नाशिकचा शरणपूर भाग आपल्या परिचयाचा आहे. चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम प्राइस यांनी १८५०च्या दशकात तिथे ख्रिस्ती वसाहत उभी केली. ब्रिटिश आरमाराने हिंदी महासागरात गुलामांच्या जहाजांतून सोडवलेली आफ्रिकन मुले मुंबईत उतरवली जात. त्यांपैकी अनेकांना शरणपूरला पाठवले गेले. तिथे ती शिकली, सुतारकाम, लोहारकाम असे हातचे हुन्नर शिकली. इतिहासात त्यांना ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणतात.

यातले जॉर्ज डेव्हिड, विल्यम जोन्स, इश्माएल सेमलर हे १८६४ मध्ये पूर्व आफ्रिकेत मोंबासाजवळच्या मिशनवर गेले. जेकब वेनराइट हा नाशिकमध्येच शिकलेला तरुण. संशोधक डेव्हिड लिव्हिंगस्टन आफ्रिकेच्या अंतर्भागात वारला, तेव्हा त्याचा मृतदेह किनाऱ्यापर्यंत नेणाऱ्यांत तो होता. १८७४ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमधील अंत्यविधीलाही तो हजर होता. त्याच सुमारास प्राइस यांनी मोंबासाजवळ सुटलेल्या गुलामांसाठी फ्रेरटाउन ही वसाहत वसवली आणि शरणपूरची माणसे तिचा कणा झाली.

म्हणजे केनियाच्या किनाऱ्यावरील अँग्लिकन मंडळी उभी करणाऱ्यांत नाशिकमध्ये वाढलेले आफ्रिकन होते. पण पाठ्यपुस्तकात नाव लिव्हिंगस्टनचे राहिले. ज्यांनी खांद्यावर ओझे वाहिले, दुभाषाचे काम केले, शाळा चालवल्या, त्यांची नावे तळटिपेत गेली. जोन्स आणि सेमलर यांना पाळकपदाची पहिली पायरी मिळायला १८८५ साल उजाडले. एकवीस वर्षे! ज्या नाशिकमध्ये १९३० साली काळाराम मंदिराच्या दारात आपल्या माणसांनी लाठ्या खाल्ल्या, त्याच नाशिकमधून ही माणसे आफ्रिकेत गेली होती. हा इतिहास आपल्या पोरांना माहीत असला पाहिजे.

हैतीचा धडा

सीमेपार चर्च फक्त गोऱ्यांनीच नेले असे नाही. जेम्स थिओडोर हॉली हे अमेरिकेतील स्वतंत्र काळे पाळक. गुलामगिरीच्या अमेरिकेत काळ्यांना सन्मान मिळणार नाही, असे त्यांचे ठाम मत होते. गुलामांनी बंड करून १८०४ मध्ये स्वतंत्र केलेला देश म्हणजे हैती. १८६१ मध्ये शंभराच्या आसपास लोकांना घेऊन हॉली हैतीत गेले. पहिल्याच वर्षी तापाने त्यांची आई, पत्नी आणि दोन मुले गेली. अनेक सोबती गेले, काही परतले. हॉली परतले नाहीत. १८७४ मध्ये ते हैतीचे बिशप झाले आणि १९११ मध्ये मृत्यू येईपर्यंत तिथेच राहिले.

क्राउदर आणि हॉली यांत फरक काय? क्राउदर यांचा अधिकार लंडनच्या समितीच्या मर्जीवर होता. हॉली ज्या लोकांत गेले, त्यांच्या देशाचे नागरिक झाले आणि त्यांच्यातच मेले. सीमा ओलांडणारा माणूस तिथल्या लोकांना उत्तरदायी आहे की मागे राहिलेल्या मालकाला, यावर सगळे ठरते.

पण जातीचे काय?

इथपर्यंत गोष्ट गोरे विरुद्ध काळे अशी होती. भारतात आली की तिच्यात जात शिरते.

दक्षिणेतील जुन्या मिशन मंडळ्यांत वेल्लाळ ख्रिस्ती वेगळे बसत आणि अस्पृश्य समाजातील ख्रिस्ती वेगळे. प्रभुभोजनाच्या वेळीही आधी वरच्या जातीचे, मग खालचे. १८३३ मध्ये कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी पत्र काढून चर्चमधील जातिभेद ताबडतोब आणि कायमचा बंद करण्याचा आदेश दिला. परिणाम? तंजावर आणि वेपेरीत मोठ्या संख्येने वेल्लाळ मंडळी चर्च सोडून गेली. येशू चालतो, पण परैयाच्या शेजारी बसलेला येशू चालत नाही! विल्सन यांची भूमिका योग्यच होती. पण वरून आलेल्या पत्राने बाकांची रचना बदलते, माणसांच्या मनातील उतरंड बदलत नाही.

पुढे व्ही. एस. अझरिया यांचे उदाहरण पाहा. तिरुनेलवेलीच्या नाडार समाजात १८७४ मध्ये जन्म. ताडी काढणारी जात म्हणून या समाजाला देवळात प्रवेश नव्हता. १९०३ मध्ये अझरिया यांनी सहकाऱ्यांसह तिरुनेलवेलीत भारतीयांच्या पैशावर, भारतीयांच्या कारभाराने चालणारी मिशन संस्था काढली. या संस्थेने निजामाच्या राज्यातील तेलुगू मुलखात, डोर्णकलला काम सुरू केले. तमिळ माणूस परक्या भाषेत, परक्या संस्थानात गेला. १९१० च्या एडिनबरा परिषदेत त्यांनी गोऱ्या मिशनऱ्यांना तोंडावर सांगितले की तुम्ही आमच्यासाठी खूप दिलेत, पण आम्हाला बरोबरीची मैत्री दिली नाहीत. २९ डिसेंबर १९१२ रोजी ते डोर्णकलचे बिशप झाले. भारतातील पहिले भारतीय अँग्लिकन बिशप. त्यानंतरही कितीतरी वर्षे बिशपांच्या बहुतेक खुर्च्यांवर गोरेच होते.

डोर्णकलच्या मंडळीत आले ते मुख्यतः माला आणि मादिगा. हजारोंच्या संख्येने आले. अझरिया स्वतः जातीच्या विरोधात ठाम होते. तरीही माला आणि मादिगा यांच्यातील दुरावा चर्चमध्ये शिल्लक राहिला.

बाबासाहेबांनी ख्रिस्ती धर्मप्रसारावर लिहिताना नेमके इथे बोट ठेवले. १९३५ च्या येवल्याच्या घोषणेनंतर सगळे धर्म आपल्या दाराशी आले होते. बाबासाहेबांनी ख्रिस्ती धर्माच्या शाळा, दवाखाने यांची किंमत कमी लेखली नाही. पण त्यांनी विचारले की धर्म बदलल्यावर माणसाच्या मनातली जात गेली का? आणि धर्मांतरित अस्पृश्यावर अन्याय होतो तेव्हा चर्च त्याच्या नागरी हक्कांसाठी उभे राहते का? दोन्ही प्रश्नांना मिळालेले उत्तर त्यांना समाधानकारक वाटले नाही. दलित ख्रिस्ती बांधव आजही अनुसूचित जातींच्या यादीबाहेर आहेत आणि चर्चच्या आतही आपल्या हक्कांसाठी लढत आहेत, यावरून ते प्रश्न किती खरे होते ते कळते.

हेन्री व्हेन यांच्या त्रिसूत्रीत जे नव्हते, ते बाबासाहेबांच्या प्रश्नात आहे. मंडळी स्वतःच्या पैशावर चालेल, स्वतःचा बिशप निवडेल, पुढे पसरेलही. पण तिच्या आत समता असेलच, याची हमी स्वशासन देत नाही.

उलटा प्रवाह : आफ्रिका अमेरिकेत बिशप पाठवते

आता शेवटचा आणि सर्वांत अवघड भाग. जानेवारी २००० मध्ये सिंगापूरच्या कॅथेड्रलमध्ये दोन गोऱ्या अमेरिकन पाळकांना बिशप केले गेले. करणारे कोण? रवांडाचे आर्चबिशप इमॅन्युएल कोलिनी आणि आग्नेय आशियाचे आर्चबिशप मोझेस टे. अमेरिकेतील अधिकृत अँग्लिकन चर्च फार उदार झाले, म्हणून त्याच्या हद्दीत घुसून नव्या मंडळ्या काढायच्या, असा हा बेत होता. ज्या रवांडाला मिशनरी पाठवले गेले, तो आता अमेरिकेला मिशनरी पाठवत होता. कँटरबरीच्या आर्चबिशपांनी हे अभिषेक मान्य केले नाहीत.

२००३ मध्ये न्यू हॅम्पशायरमध्ये जीन रॉबिन्सन या उघडपणे समलिंगी असलेल्या पाळकाला बिशप केले आणि भांडण पेटले. नायजेरियाने अमेरिकेत स्वतःची शाखा काढली. २००७ मध्ये आर्चबिशप पीटर अकिनोला यांनी व्हर्जिनियात जाऊन तिच्या बिशपाला पदावर बसवले. २००८ मध्ये जेरुसलेमला परंपरावाद्यांची जागतिक परिषद झाली, २००९ मध्ये उत्तर अमेरिकेत वेगळे अँग्लिकन चर्च स्थापन झाले आणि २०२३ मध्ये किगालीत या गटांनी कँटरबरीचे नेतृत्वच नाकारले.

यात आपण कोणाच्या बाजूने? घाई करू नका.

आफ्रिकन बिशपांच्या संतापाला इतिहास आहे. १९९८ च्या लँबेथ परिषदेच्या वेळी जॉन शेल्बी स्पाँग या नावाजलेल्या उदारमतवादी अमेरिकन बिशपाने आफ्रिकन ख्रिश्चनांना अंधश्रद्धाळू ठरवणारी विधाने केली होती. पुरोगामी म्हणवणाऱ्यांच्या पोटातला हा अहंकार आपल्याला नवा नाही. आपल्या चळवळीला अक्कल शिकवणारे पुरोगामी सवर्ण आपण रोज पाहतो.

पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. रवांडाच्या आश्रयाने उभी राहिलेली अमेरिकन संस्था आणि रवांडाचे बिशप यांच्यात २०११ मध्ये अधिकार आणि हिशोब यांवरून बेबनाव झाला. रवांडाने उत्तर मागितले, तेव्हा अमेरिकन बिशपांनी बहुतांशी राजीनामे देऊन वेगळी वाट धरली. म्हणजे आफ्रिकेचे नाव हवे होते, आफ्रिकेचा अधिकार नको होता. क्राउदर यांच्या वेळी जे झाले, तेच सव्वाशे वर्षांनी वेगळ्या कपड्यांत झाले.

आणि स्वाभिमानाच्या या लढाईत बळी कोणाचा? २०२३ मध्ये युगांडात समलिंगी माणसांविरुद्ध कायदा झाला. त्यात काही गुन्ह्यांना मृत्युदंडापर्यंत शिक्षा आहे. तिथल्या अँग्लिकन चर्चच्या प्रमुखांनी त्याचे स्वागत केले. समलैंगिकता हे पाश्चात्त्य खूळ आहे, असे तिकडे सांगितले जाते. गंमत अशी की समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारा कायदा आफ्रिकेत आणला इंग्रजांनीच. आपल्याकडचे कलम ३७७ ही त्याच घराण्यातले. मालकाची खुर्ची नाकारली, पण मालकाचा चाबूक ठेवून घेतला. त्याच खंडात, त्याच चर्चचे डेस्मंड टुटू समलिंगी माणसांच्या बाजूने उभे राहिले. वर्णभेदाविरुद्ध लढताना जे तत्त्व वापरले, तेच इथे लागू होते, असे ते मानत. गुलामांच्या वारसांसमोर दोन वाटा असतात. टुटूंनी त्यातली एक निवडली.

आपण काय घ्यायचे?

आज आपले लोक शिक्षण-नोकरीसाठी जगभर गेले आहेत. जिथे जातात तिथे भीमजयंती होते, विहार उभे राहतात, संस्था नोंदवल्या जातात. परदेशातील बौद्ध संघटना इकडे काम करतात, इकडच्या संघटना तिकडे शाखा काढतात. हे चांगलेच आहे. पण अँग्लिकनांच्या इतिहासाने दिलेले चार प्रश्न प्रत्येक शाखेच्या दारावर लावून ठेवावेत असे आम्हाला वाटते.

पहिला : पैसा कोणाचा आणि हिशोब कोणाला? दुसरा : पद देताना त्याबरोबर अधिकार दिला की नुसते नाव? तिसरा : बाहेरून आलेला माणूस इथल्या लोकांना उत्तरदायी आहे की कुठल्या तरी दूरच्या कार्यालयाला? आणि चौथा, बाबासाहेबांचा : आपल्या संघटनेच्या आत बाई, पोटजात, भटका-विमुक्त, तृतीयपंथी यांचे स्थान काय?

पहिले तीन प्रश्न आपण इतरांना विचारतो आणि ते विचारलेच पाहिजेत. चौथा प्रश्न स्वतःला विचारायचा असतो, म्हणून तो नेहमी मागे पडतो. महार, मातंग, चर्मकार यांच्यातला दुरावा आपल्या सभागृहांच्या खुर्च्यांवर अजून दिसतो. डोर्णकलच्या माला-मादिगांकडे बोट दाखवण्याआधी पुढच्या बैठकीत आपल्या व्यासपीठावर कोण बसले आहे आणि सतरंज्या कोण उचलतो आहे, ते एकदा मोजून पाहूया.

जय भीम!